कोयनाकाठच्या कॅम्पवाल्यांनो, कोटेशन मिळणार नाही

प्रति,
बामणोली-तापोळा परिसरातले सर्व कॅम्पवाले, तंबूवाले आणि बोटवाले यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीचा. धंदा मंडप-डेकोरेशनचा, त्यातही लायटिंगचा. गेली 26 वर्षं लग्नं, जत्रा, उरूस, गणपती, पुढाऱ्यांचे वाढदिवस असं सगळं उजळत आलोय. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत रस्त्यावर ज्या उंच स्वागत कमानी उभ्या राहतात, त्यांतल्या काहींचे दिवे माझ्या हातचे असतात. तेव्हा हे पत्र कुणा निसर्गप्रेमी मंडळाचं आहे असं समजू नका. माझं पोट उजेडावर चालतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

एप्रिलात तुमच्यापैकी एका तरुण मालकाचा फोन आला. पाण्यापलीकडे, जंगलाला लागून त्याचे बारा तंबू आहेत. म्हणाला, "दादा, फुल लायटिंग करायचंय. पाण्याकडेला फ्लड, झाडांना खालून पार, तंबूंवरनं माळा, शेकोटीपाशी स्टेज करून दोन शार्पी. लेझर जमला तर तोपण बघा." (फ्लड म्हणजे लांबवर पसरणारा मोठा दिवा, पार म्हणजे रंगीत झोताचा डबा, शार्पी म्हणजे आभाळात फिरणारा बारीक, झगझगीत झोत.) मी विचारलं, जंगलात एवढं कशाला? तर म्हणाला, "शेजारच्यानं केलंय. त्याचे रील बघून लोक तिकडं वळतात. आमच्याकडं फोन आला की पहिला प्रश्न, डीजे आहे का, लायटिंग आहे का."

जागा बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. तो म्हणाला, मित्रांना घेऊन या, दोन रात्री राहा, निवांत बघा. मेच्या शेवटी गेलो. (राहण्या-जेवणाचे पैसे रीतसर दिले. धंद्यात पाहुणचार आधी घेतला की आकडा वाकडा होतो.)

आम्ही चौघं, शाळेपासूनचे. एक मिरजेत तंबोरे बनवतो. एकाची मार्केट यार्डात हळदीची अडत. एक रेल्वेत, मिरज जंक्शनला, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेला. आणि मी. चौघं एका ठिकाणी दोन दिवस असे शेवटचे कधी होतो, तर अडत्याच्या मुलीच्या लग्नात, आणि तिथंही मी जनरेटरपाशीच उभा होतो.

सांगलीकराला कोयना म्हणजे काय, हे तुम्हाला तिकडं बसून कळायचं नाही. तुमच्यासाठी ती नदी, आमच्यासाठी ती पावसाळ्यातली बातमी. ऑगस्टात सकाळी उठल्या उठल्या आम्ही दोन आकडे बघतो. कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 ला ती 57 फुटांच्याही वर गेली. माझं गोडाऊन आढ्यापर्यंत पाण्यात होतं. वायरींची बंडलं, डिमर, हॅलोजन, सगळं चिखलात. नुकसान भरून निघालं हळूहळू, पण त्या दिवसांतला काळोख काही अंगातनं गेला नाही. खाली पाणी, वरच्या मजल्यावर आम्ही, वीज गेलेली आणि मेणबत्त्या संपत आलेल्या. तेव्हापासून घरात झोपताना मला बाथरूमचा दिवा चालू लागतो. बायको हसते. लायटिंगवाला आणि अंधाराला भितो.

तर ज्या धरणाला आयुष्यभर घाबरलो, त्याच्या पोटाशी जाऊन आराम करायचा, याचंच आम्हाला वाटेत हसू येत होतं.

पेठ नाका, कराड, सातारा, मग यवतेश्वरचा घाट आणि कास. कासचा सडा मेमध्ये करपलेला असतो, फुलं सप्टेंबरात, त्यामुळं तिथं फार वेळ घालवला नाही. बामणोलीकडं उतरताना बायका द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसल्या होत्या. जिभा जांभळ्या होईपर्यंत खाल्ली. पुढं लाँच. लाँचवाल्यानं चौघांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितल्याशिवाय दोरी सोडली नाही, त्याला इथूनच नमस्कार.

धरण खाली गेलेलं होतं. काठाला तांबड्या मातीच्या पायऱ्याच पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. रेल्वेवाल्यानं पोचल्या पोचल्या शर्ट काढला, त्याला पोहायचं होतं. मालकानं हात धरला. "काका, हा तुमचा कृष्णेचा घाट नव्हं. हा डोंगराचा उतार आहे. ह्या पावलाला गुडघाभर, पुढच्याला माणूसभर. खाली जुने बांध हायती, खोडं हायती, गाळ हाय." रेल्वेवाला सिग्नल पाळणारा माणूस. मुकाट्यानं शर्ट घातला. तुमच्यापैकी किती जण पाहुण्याला असं अडवता, माहीत नाही. बुकिंग रद्द होईल या भीतीनं गप्प बसू नका, एवढंच सांगतो आणि माझ्या विषयाकडं येतो.

शुक्रवारी संध्याकाळी वळीव आला. आधी वावटळ, मग टपोरे थेंब, मग गारा, तंबूवर तडतड अशी की बोललेलं ऐकू येईना. अर्ध्या तासात सगळं निवळलं आणि वीज गेली. आख्ख्या खोऱ्याची. कुठंतरी तारेवर झाड पडलं असणार. शेजारचा कॅम्प त्या दिवशी रिकामा होता, त्यामुळं त्याचा जनरेटरही बंद.

चुलीच्या उजेडात जेवलो. नाचणीची भाकरी, मरळीचं कालवण, खर्डा. खर्ड्यानं अडत्याच्या डोळ्यांतनं पाणी काढलं, आणि तो तासगावचा आहे. मग चूल विझली, आणि मी सवयीनं बॅगेतनं हेडलॅम्प काढला. पांढरा, झगझगीत, साइटवर वापरतो तो. लावला मात्र, तंबोरेवाला म्हणाला, "बंद कर. डोळ्याला अर्धा तास दे."

त्याचं बरोबर होतं. अंधाराला डोळा सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली लगेच मोठी होते, पण आतल्या पडद्यातलं कमी उजेडात बघायचं जे द्रव्य असतं, ते तयार व्हायला एवढा वेळ जातो, आणि कुणी एकदा पांढरी बॅटरी मारली की ते क्षणात उडतं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढी वर्षं उजेड विकतोय, पण उजेड बंद केल्यावर काय दिसतं ते बघायला कधी थांबलोच नव्हतो. इव्हेंट संपला की आम्ही वायरी गुंडाळायला लागतो.

पहिली दहा मिनिटं वाईट गेली. मला पुराची रात्र आठवत होती. अडत्याही अस्वस्थ होता, पण वेगळ्या कारणानं. त्याच्या आजोबांची हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खणलेलं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, आतली हवा मारक असते. तोंड उघडं ठेवून थांबायचं. लहानपणी त्या तोंडातून खाली बघितलेला काळोख त्याला आठवत होता. म्हणाला, "त्यो काळोख आत ओढायचा. ह्यो तसा न्हाई." तेवढंच बोलला. अडत्याकडनं एवढं म्हणजे खूप.

मग हळूहळू वरचं उघडत गेलं. अमावस्या एका दिवसावर होती. उत्तरेला सप्तर्षी, डोक्यावर स्वाती, दक्षिणेला चित्रा, आणि आग्नेयेला डोंगराच्या कडेवर वृश्चिकाची आकडी वर चढत होती, ज्येष्ठा लालसर. रेल्वेवाल्याला नक्षत्रं येतात, रात्रपाळीत शिकलेला. सांगलीत तो आम्हाला ती कधी दाखवू शकला नाही, कारण दिसतच नाहीत. यात माझाही हात आहे.

काजवे साडेनऊच्या सुमाराला सुरू झाले. आधी झुडपात एक-दोन. मग कॅम्पच्या मागच्या जांभळीवर इतके, की झाडाचा आकार कळावा. एका फांदीवर लुकलुक सुरू व्हायची आणि लाट बुंध्यापर्यंत यायची, विझायची, पुन्हा वरनं यायची. माझ्या धंद्यात याला चेसिंग म्हणतात. त्यासाठी आम्ही कंट्रोलर लावतो, प्रोग्रॅम भरतो, आणि तरी एखादी माळ मागं पडते. इथं वायर नाही, कंट्रोलर नाही. मी एका जागी बसून तासभर नुसता चुका शोधत होतो. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी नेट आल्यावर पोराला फोन करून जरा माहिती काढायला सांगितली, तो शेतकी कॉलेजात आहे. म्हणाला, बाबा, काजवा म्हणजे भुंग्याच्या जातीतला किडा. त्याचा दिवा थंड असतो, त्यातनं उष्णता जवळपास निघतच नाही. आमचा जुना हॅलोजन शंभरातले नव्वदच्या वर भाग नुसत्या उष्णतेत घालवायचा, हाताला चटके बसायचे. पण मला जे लागलं ते पुढचं. ही लुकलुक म्हणजे स्थळ बघायचा कार्यक्रम आहे. नर उडत उडत खूण करतो, मादी खाली गवतात नाहीतर झुडपात बसून उत्तर देते. काही जातींत मादीला पंखच नसतात, ती असते तिथंच असते. मोठा झालेला काजवा जगतो काही आठवडे. तेवढ्यात एकमेकांची खूण दिसली तर पुढची पिढी, नाही दिसली तर नाही. अंडी-अळ्या ओलसर मातीत, पाचोळ्याखाली; अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. म्हणजे तुम्ही झाडावर पार मारलात की वरचा निरोप बुडाला, आणि जागा स्वच्छ दिसावी म्हणून पाचोळा पेटवलात की खालची पोरंबाळं गेली. वर पुन्हा काजवा महोत्सव म्हणून जाहिरात करायला आपण मोकळे.

शनिवारी दिवसभर आम्ही काहीही केलं नाही. हे वाक्य मला नीट लिहायचं होतं, कारण असा दिवस मी आधी कधी लिहू शकलो नसतो. उठलो, चहा प्यायलो, पाण्याकडं बघत बसलो. पुन्हा चहा. फणसाखाली सतरंजी टाकून मेंढीकोट. अडत्या पत्त्यांतही भाव पाडतो. दुपारी तिघं घोरत पडले. मला झोप येईना म्हणून मालकाच्या आजीपाशी जाऊन बसलो. ती चटणीच्या मिरच्या निवडत होती.

आजीनं हातानंच पाण्याकडं दाखवलं. "लगीन हून आले तवा घर थितं व्हतं." थितं म्हणजे पाण्यात, काठापासून बरंच आत. 1960 नंतर धरणात पाणी अडू लागलं. काही घरं कुठं ठाण्या-रायगडाकडं गेली, काही पाण्याच्या पुढं पुढं डोंगरावर सरकली. हिचं सरकलं. तिचा मुलगा मुंबईत माथाडी होता, बाजारात गोणी वाहून त्याची पाठ गेली आणि परत आला. नातू मुंबईला गेलाच नाही, त्यानं तंबू मारले. "पोरगं घरात ऱ्हातंय, ह्याच तंबूंमुळं," आजी म्हणाली. हे मी मुद्दाम लिहितोय. शहरातनं येऊन कॅम्प बंद करा म्हणणारे लोक असतात, मी त्यांतला नाही. कॅम्प चालले पाहिजेत.

मी तिला विचारलं, आजी, इथं दिवे लावावेत का? मला वाटलं होतं म्हणेल, कशाला बाबा, काळोखच बरा. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "आमच्या पाण्यावर साऱ्या मुलखात लाइट पेटली. आमच्यात यायला माझी पोरं मोठी झाली. चिमणीच्या उजेडात बाळंतपणं केली आम्ही. आता तू लाव म्हणत असशील तर लाव की."

खरं आहे. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतनं कोकणात पोफळीकडं उतरतं, वाटेत राज्याची वीज करतं, आणि धरणाच्या कडेच्या वाड्या-वस्त्या वर्षानुवर्षं चिमणीवर. तेव्हा सांगलीच्या माणसानं, ज्याच्या गल्लीत रात्री दोन वाजता पेपर वाचता येतो, इथं येऊन काळोख राखा म्हणणं हे आगाऊपणाचं आहे. हे मला त्या दुपारी कळत होतं, आताही कळतं. म्हणून स्पष्ट लिहितो. घरात, शाळेत, दवाखान्यात, जेटीवर, गावच्या रस्त्यावर हवा तेवढा उजेड घ्या, तो तुमच्या हक्काचा आहे आणि उशिरा मिळालाय. मी बोलतोय ते फक्त पाहुण्यांना भुलवण्यासाठी आभाळावर आणि पाण्यावर फेकलेल्या उजेडाबद्दल.

तो शनिवारी रात्री बघितला.

वीज आली होती. सात वाजता शेजारच्यानं बटण दाबलं. आमच्यात आणि त्याच्यात पाण्याचा एक फाटा, मधे एवढीशी टेकडी. धंद्याच्या नजरेनं सांगायचं तर काम भिकार होतं. 6500 केल्व्हिनचे पांढरेफटक एलईडी फ्लड, एकालाही टोपी नाही, तोंडं सगळी वर आणि पाण्याकडं. निम्मा उजेड कुठल्याच वस्तूवर पडत नव्हता, सरळ ढगात. निम्म्या वॅटमध्ये मी त्याहून चांगलं करून दिलं असतं. झाडांना हिरवा पार. हिरव्या झाडावर हिरवा उजेड मारायची कल्पना कुणाला सुचते देव जाणे, आधीच ते हिरवं असतं. वर एक लेझर समोरच्या डोंगरावर रेघा ओढत होता, आणि तो डोंगर म्हणजे अभयारण्याचं जंगल, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं.

आभाळाला पीठ चोळल्यासारखं झालं. सप्तर्षी शोधून काढावे लागले. वृश्चिक नाहीच. जांभळीच्या शेजाऱ्याकडच्या अंगाला काजवे दिसेनात, टेकडीच्या सावलीत येणाऱ्या खालच्या फांद्यांवर तेवढे चालू होते. काल झाडाचा आकार कळत होता, आज झाडाचा एक तुकडा.

आणि आवाज. आदल्या रात्री तंबोरेवाला नुसता ऐकत बसला होता. रातकिड्यांचा एक लांबच लांब सूर धरलेला, त्यात कुठंतरी रातव्याची चक चक चक, मधेच पाण्यात मासा उडी मारायचा. तो म्हणाला होता, जवारी लावल्यावर तंबोऱ्यातनं जसे एका सुरात अनेक सूर निघतात, तसं होतंय हे. शनिवारी त्यानं कानात कापूस घातला. मालक बिचारा शरमून सांगत होता, कॅम्प तसा लांब आहे, पण रात्री आवाज अंगावर येतो. येणारच. रात्री पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते, मग आवाज वर न जाता वाकून परत खाली येतो आणि पाण्यावरनं लांब पळतो. दिवसा त्याच स्पीकरचा तेवढा त्रास व्हायचा नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, हा नियम सन 2000 पासून आहे, हे मला सांगायला नको. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तो पोलिसांनी कधी ना कधी पाठ करून दिलाय. मालकानं फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बारापर्यंत चालतंच, सगळेच चालवतात.

"सगळेच" हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला, कारण माझ्या मालकानंही मला त्याच शब्दासाठी बोलावलं होतं. शेजाऱ्यानं केलं म्हणून मी. मी केलं की पुढचा.

सकाळी त्याला सांगितलं, कोटेशन देत नाही. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मग मी काय करू, काळोख विकू?"

हो. तेच विक. पण हे त्याला एकट्याला सांगून उपयोग नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना. शेतात प्रत्येकाचा बांध वेगळा असतो. तू ऊस लाव, मी हळद लावीन, कुणाचं कुणावाचून अडत नाही. काळोखाला बांध नसतो. खोऱ्यातल्या दहा जणांनी दिवे विझवले आणि अकराव्यानं एक फ्लड वर तोंड करून ठेवला, तर दहांचं आभाळ गेलं. म्हणून हे एकट्यानं करायचं काम नव्हे, सगळ्यांनी एका बैठकीत बसून ठरवायचं आहे, जसं तुम्ही बोटींचे नंबर लावून घेता.

नाचायला येणाऱ्यांनी जायचं कुठं, असं विचाराल. आमच्याकडं पाठवा. खरंच सांगतो. सांगलीत, साताऱ्यात, पुण्याच्या वाटेवर मंगल कार्यालयं आहेत, लॉन आहेत, तिथं मी शार्पीही लावतो आणि लेझरही, पोरं पहाटेपर्यंत नाचावीत. त्यासाठी कास उतरून, लाँचमध्ये बसून यायची गरज नाही. माझ्या गोडाऊनमध्ये सगळ्या रंगांचा उजेड भाड्यानं मिळतो. जे माझ्याकडं मिळत नाही ते तुमच्या तंबूंमागं रोज फुकट पडतं, आणि त्यावर तुम्ही पैसे खर्चून पांघरूण घालताय.

हे कुणी केलेलं नाही असंही नाही. आपल्याच राज्यात, नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथं जंगलालगतच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. लडाखात हानले आहे, तिथं लोक केवळ रात्रीचं आभाळ बघायला जातात आणि गावातल्या घरांत राहतात. तुमच्याकडं तर आभाळाखाली पाणीही आहे. शुक्रवारी रात्री ज्येष्ठा खाली पाण्यातही दिसत होती.

राहिला प्रश्न साप-विंचवाचा आणि रात्री संडासला जाणाऱ्या बायका-पोरांचा. हा खरा प्रश्न आहे, तो उडवून लावायचा नाही. आमच्या मालकाच्या आईचं म्हणणं, बायकांना उजेड लागतो, बाकी तुमची नक्षत्रं तुम्ही बघा. त्यांचं शंभर टक्के बरोबर. पण साप फ्लडला भिऊन जात नाही. तो पावलांच्या धमक्यानं जातो. उलट पांढऱ्या फ्लडखाली किडे जमतात, किड्यांमागं बेडूक आणि पाली, आणि त्यांच्यामागं तो. पायवाटेला गुडघ्याएवढ्या उंचीचे दिवे पुरतात, टोपी घातलेले, तोंड खाली, 2700 केल्व्हिनचा पिवळसर उजेड. संडास-बाथरूमच्या दारावर सेन्सर, माणूस आलं की लागेल, गेलं की विझेल. स्वयंपाकाच्या शेडला पडदा. तंबूच्या आत पाहुण्याला काय हवं ते. जेवणं झाली की टायमरनं माळा बंद. प्रत्येक पाहुण्याला एक लाल काचेची बॅटरी द्या. लाल उजेडानं डोळ्यातला अंधार मोडत नाही. नुसता लाल जिलेटिन कागद रबरानं बांधलात तरी भागतं, आमच्या नाटकवाल्यांकडं तो ढिगानं असतो. एका तंबूमागं खर्च किती येईल हे मी काढलंय. तो शार्पीच्या एका रात्रीच्या भाड्याहून कमी आहे, आणि हे मी शार्पी भाड्यानं देणारा माणूस सांगतोय.

परत येताना कासच्या वर गाडी थांबवली. खाली पाणी दिसत होतं, दिवसा सगळे कॅम्प सारखेच दिसतात, निळे-पिवळे ठिपके. रेल्वेवाला म्हणाला, पुढच्या वर्षी अमावस्येचीच सुट्टी टाकतो. अडत्या म्हणाला, अमावस्येला मी दुकान बंद ठेवतो तसंही. तंबोरेवाल्यानं कानातला कापूस काढून खिडकीतनं टाकला, आम्ही त्याला गाडी थांबवून उचलायला लावला.

घरी आल्यावर पहिल्या रात्री बाथरूमचा दिवा मी बंद करून बघितला. बायकोनं विचारलं, बल्ब गेला का.

तर मालक लोकहो, दिवाळीनंतर आमचा सीझन दोन आठवडे ढिला असतो, तुळशीची लग्नं लागेपर्यंत. तेव्हा मी दोन पोरं आणि एक पेटी घेऊन येतो. ज्यांना आपले फ्लड खाली वळवून, टोप्या घालून, टायमर बसवून हवेत त्यांनी आधी आपसात बसून आकडा कळवा. पाच जणांपेक्षा कमी असाल तर येणार नाही, कारण मग उपयोग नाही. माल तुमचा, बिल बघून आणा, मजुरी घेणार नाही. शेजारच्या कॅम्पवाल्यालाही बोलवा, त्याच्या हिरव्या पारचं मी आधी बघतो. जेवण मात्र त्याच आजींच्या चुलीवरचं हवं, आणि खर्डा वेगळ्या ताटलीत.

आपला,
एक लायटिंगवाला,
सांगली